टपावरचा साबुदाणा

लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं, की तुझा नवरा गाडीचं मागचं सीट उपटून तिथे कपाटाएवढा खोका बसवणार आहे आणि त्या खोक्यापायी तू भर मैदानात भांडणार आहेस, तर मी त्या माणसाला आधी पाणी प्यायला दिलं असतं. सांगलीला आमच्या घरी टेपरेकॉर्डर जरा मोठ्याने लागला की वडील चष्म्यावरून नुसते बघायचे. तेवढ्यावर आवाज खाली यायचा. अशा घरातली मी, आणि पडले कुणाच्या पदरात? ज्याच्या गाडीने कॉलनीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात त्याच्या.

नवरा जयपूरला रेल्वेत होता. डब्यांमधले दिवे, पंखे आणि बॅटऱ्या हे त्याचं काम. दोन हजार सालानंतरचा काळ. गाडीत मोठाले स्पीकर बसवायचं वेड तेव्हा तिकडच्या पोरांना नुकतंच लागलं होतं आणि आदर्श नगरमधल्या एका दुकानात माझा नवराही त्या वेडाला बळी पडला. आमची गाडी आठशे सीसीची, जुनी, पांढरी, दुसऱ्याच्या हातून आलेली. तिच्या पोटात त्याने सबवूफर बसवला. सबवूफर म्हणजे फक्त खर्जातला आवाज काढणारा स्पीकर. आमचा परातीएवढा होता. त्याला जाड प्लायचा खोका, खोक्याला हवा बाहेर फेकायला प्लॅस्टिकचा पाइप, वर ॲम्प्लिफायर आणि एक जादा बॅटरी. मागचं सीट हॉलमध्ये आलं. पाहुणे त्यावर बसायचे आणि सोफा फार बुटका आहे म्हणायचे.

एवढं करून गाणी ऐकायची होती का? मुळीच नाही. नवऱ्याला दाबाच्या स्पर्धेत उतरायचं होतं. त्या स्पर्धेत गाणं नसतंच. गाडीत पुढच्या काचेपाशी आतून एक मापक चिकटवतात, काचा-दारं बंद करतात आणि सगळे बाहेर येऊन आत एकच घुंऽऽऽ असा सूर काही क्षण वाजवतात. गाडीतली हवा किती जोरात दाबली गेली त्याचा आकडा फळ्यावर लागतो, डेसिबलमध्ये. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. नवऱ्याला एकशे चाळीस पार करायचे होते. का, ते विचारलं की तो माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले.

पण त्या वर्षी माझा जीव त्या आकड्यात नव्हता, आत्यांमध्ये होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. सासरे गेल्यावर दिवाळीला आम्ही त्यांना साताऱ्याकडच्या गावातून जयपूरला आणलं, कायमचं राहायला म्हणून. संक्रांत झाली आणि त्यांनी लेकाच्या मागे टुमणं लावलं, “पाडव्याला मला गावाकडं सोड. मी काय आता परत यायची न्हाय.” शेवटी त्याने पाडव्याच्या आठवड्यातलं, मंगळवारचं तिकीट काढलं. ते काढून आला त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

मलाही त्या जायला नको होत्या. हे ऐकून माझ्या मैत्रिणी अजून हसतात, पण खरं तेच आहे. आमच्यात रोज वाजायचं. आमटीत गूळ किती, कपडे उलटे वाळत घालायचे की सुलटे, मी पोळीला पोळी म्हणावं की चपाती. मी तोंडाळ आहे, सगळ्या माहेरच्यांनी हात टेकलेली. आणि त्या माझ्या वरताण. एक वाक्य टाकलं की दोन परत यायची. माझ्याशी बरोबरीने भांडणारं माणूस मला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं आणि ते मंगळवारच्या गाडीने चाललं होतं. नवरा कामावर गेल्यावर त्या घरात मी कुणाशी मराठीत भांडणार होते?

आत्यांचं म्हणणं एकच, “हितं मानूस न्हाय.” गावाकडे पापड लाटायला बसलं की हाक मारायचा अवकाश, चार जणी पोळपाट घेऊन हजर. गोधडी झटकायची तर दुसरं टोक धरायला वाटेने जाणारंही थांबतं. इथे त्या हाक कुणाला मारणार? शेजारणी चांगल्या होत्या. “माताजी, कैसी हो?” रोज विचारायच्या. आत्या मान हलवायच्या आणि पदर सावरत आत यायच्या. हिंदीचा एक शब्द त्यांनी पाच महिन्यांत तोंडातून काढला नाही. येत नाही म्हणून नव्हे, चुकीचं बोलून कुणाला हसू द्यायचं नाही म्हणून. हा ताठा मला चांगलाच ओळखीचा होता, कारण माझाही तसाच आहे.

शिवरात्र झाल्यावर आत्यांनी गावाकडे न्यायच्या पापड्यांसाठी साबुदाणा आणवला. पापड्या घालण्याआधी त्याला ऊन दाखवायचं म्हणून परात घेऊन त्या बाहेर आल्या. जमिनीवर ठेवली तर खारी येणार, भिंतीवर ठेवली तर मोर. आमच्या कॉलनीत मोर कोंबड्यांसारखे हिंडायचे. त्यांनी परात सरळ गाडीच्या टपावर ठेवली. आत नवरा बसला होता. त्याच्याकडे सुरांची एक सीडी होती. पहिला सूर अगदी खालचा, पुढचा थोडा वर, त्याच्या पुढचा आणखी वर, असे नुसते घुंऽऽऽ. त्याने बटण दाबलं आणि साबुदाणा पावसातल्या गारांसारखा चौफेर उडाला.

“आरं ये! बंद कर त्ये आधी!” आत्या खराटा घेऊन धावल्या. मीही धावले, कारण आता नवऱ्याला काय काय ऐकावं लागतं ते मला चुकवायचं नव्हतं. पण आत्या परातीपाशी जाऊन थबकल्या. उरलेल्या दाण्यांकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, “परत लाव बगू.”

त्याने भीत भीत लावलं. एका सुराला दाणे नुसते थरथरले. पुढच्याला जागेवर फिरले. त्याच्या पुढच्याला वीतभर उडाले. त्याच्या पुढच्याला पुन्हा गप्प. “ह्येला उडत्यात. ह्येला न्हाय. बग की!” आत्या टपाला कपाळ टेकवून दाण्यांच्या रेषेत बघत होत्या. त्यांचे डोळे इतके चमकलेले मी चार महिन्यांत पाहिले नव्हते.

नवरा गाडीतून बाहेर आला तो उड्या मारतच. त्याची अडचण अशी होती, की दाब मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. आदर्श नगरच्या दुकानदाराकडे होतं, पण तो स्वतःच स्पर्धेत उतरणार होता, तो कशाला देतोय? यंत्राशिवाय आपल्या गाडीला कोणता सूर मानवतो ते कळत नाही, आणि खोक्याच्या पाइपची लांबी त्या सुराप्रमाणे कापावी लागते. पाइप लांब तर सूर खाली, आखूड तर वर. आता त्याला यंत्र सापडलं होतं, साबुदाण्याचं. जो सूर दाणे सगळ्यात उंच उडवेल तो आपला.

पुढचे सगळे रविवार आम्ही तिघांनी त्या गाडीशी घालवले आणि माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे रविवार होते. नवरा आत बसून सूर लावायचा. मी अंगणात मांडी घालून करवतीने पाइप कापायची. प्लॅस्टिकचा पांढरा भुसा माझ्या केसांत, चहात, सगळीकडे. आणि आत्या टपाशी उभ्या राहून निवाडा द्यायच्या, “उडालं. कमी झालं. आता बरं उडालं. आगं, अजून बोटभर काप की, हात आखडता घेतीस काय?” मी म्हणायची, आत्या, हा पाइप आहे, कोथिंबीर नाही. त्या म्हणायच्या, कोथिंबीर तरी तुला कुठं नीट कापता येती. नवरा आतून ओरडायचा, भांडू नका, मला ऐकू येत नाही. एवढ्या सगळ्या आवाजात त्याला आमचं भांडणच तेवढं ऐकू यायचं.

शेवटी असा एक सूर आणि असा एक पाइप जमला, की दाणे परातीतून उडून थेट बॉनेटवर पडले. आत्यांनी टाळी वाजवली. हाच आपला सूर, असं ठरलं. मी त्या दिवशी उरलेल्या साबुदाण्याची खिचडी केली. ती इतकी मोकळी झाली, की आत्यासुद्धा तिला नाव ठेवू शकल्या नाहीत.

स्पर्धा आत्या जाणार त्याच्या आदल्या रविवारी होती. आग्रा रस्त्यावर, कानोत्याच्या अलीकडे, एका मॅरेज गार्डनच्या मैदानात. तिथे रात्री कुणाचं तरी लग्न होऊन गेलं होतं. कमानीवर सुकत चाललेले झेंडू तसेच होते आणि त्या कमानीखालून एकेक गाडी नवरदेवासारखी आत येत होती. आत्यांना घरी एकटं ठेवायला नको म्हणून बरोबर घेतलं. दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली, आणि मैदानात काय मिळेल काय नाही म्हणून बसायला एक जयपुरी रजईही घेतली. आत्या कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि मैदानभर गंभीरपणे नजर फिरवून म्हणाल्या, “बाईमानूस एक बी न्हाय.” म्हटलं, आपण दोघी आहोत की.

प्रत्येक गाडीला दोनदा संधी होती. आमची पहिली पाळी आली. पंचांनी मापक लावलं, काचा वर झाल्या, आम्ही बाहेर आलो. नवऱ्याने बाहेरून बटण दाबलं. घुंऽऽऽ. आमचा टप असा लवलवला, की मागची पोरं हसली. “भाभीजी, छत तो क्या नाच रही है!” मला वाटलं, कौतुक करताहेत. मग फळ्यावर आकडा लागला, एकशे तेहेतीस.

नवऱ्याचा चेहरा मला बघवेना. तो नुसता रुमालाने बॉनेट पुसत राहिला. मला कुणाचा उतरलेला चेहरा दिसला, की मी लगेच कुणाशी तरी भांडायला जाते. ही माझी जुनी रीत आहे. मी थेट पंचांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “आपकी मशीन खराब है.” पंच बिचारा सभ्य माणूस. तो म्हणाला, मॅडम, मशीन सगळ्यांना तीच आहे. मी म्हटलं, मग सगळ्यांचेच आकडे चुकलेत. तो काय बोलणार होता कुणास ठाऊक, कारण तेवढ्यात माझं लक्ष पुढच्या गाडीकडे गेलं आणि माझं भांडण तोंडातच राहिलं.

ती निळी गाडी होती. तिच्या प्रत्येक दाराला एकेक पोरगा पाठ लावून उभा होता, एक जण पुढच्या काचेवर तळवे रोवून, आणि दोघं चक्क टपावर पालथे पडले होते. मी पंचांना विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, “दबा रहे हैं, मॅडम. बाहर से दबाना अलाउड है. नहीं तो बॉडी हिलती है और सारा प्रेशर उसी में निकल जाता है.”

मी तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे आमचा कुकर आला. रिंग सैल झाली, की झाकणाच्या कडेने फसफसतो तो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढी वाफ आहे! आणि आतली डाळ कच्ची. टप नाचतो म्हणजे दाब टपातून निसटतो. आणि आम्ही काय केलं होतं? महिनाभर रविवारमागून रविवार, कपाळ टेकवून, पाइप कापकापून, टप सगळ्यात जास्त कोणत्या सुराला नाचतो ते शोधलं होतं. गाडी कुठून गळते ते शोधून काढून नेमकं तिथेच सगळं जुळवून आणलं होतं! मला असं हसू फुटलं, की पंचांनी मला पाणी देऊ केलं.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग टपाकडे, मग मटकन खाली बसला आणि त्यालाही हसू आवरेना. आत्यांना कळेना. “म्हंजी, माजा साबुदाणा खोटं बोलला?” म्हटलं, नाही हो आत्या, तो खरंच बोलत होता, आपण उलटं ऐकलं.

“मग आता?”

“आता टप दाबून धरायचा,” नवरा म्हणाला. “पण आपल्याकडे माणसं कुठं आहेत?”

आत्या उठल्या. पदर खोचला. “मला वर चडव,” म्हणाल्या.

पासष्टीची बाई. मी नको नको म्हणत होते, तेवढ्यात त्यांनी खुर्ची गाडीला लावलीसुद्धा. नऊवारीचा एक फायदा असतो, चढउतार करताना काही अडत नाही. टप उन्हाने तव्यासारखा तापला होता, म्हणून रजईची घडी घातली आणि तिच्यावर आत्या मांडी ठोकून बसल्या. मी पुढच्या काचेवर तळवे लावले. नवरा मागच्या दाराशी राहिला. तरी बाजूची चारही दारं दाबायला कुणी नव्हतं. आत्यांनी वरून मैदान न्याहाळलं. निळ्या गाडीची पोरं आपली पाळी संपवून ताक पीत उभी होती.

“ए पोरांनो! हिकडं या रं!”

असा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा तो आवाज पाच महिने आमच्या घरात कुठे होता, देव जाणे. पोरांनी ग्लास खाली ठेवले आणि आली. शुद्ध साताऱ्याकडच्या मराठीत हुकूम सुटले, “तू ह्या दाराला. पाठ लाव, पाठ! आन् तू रं जाड्या, तू तिकडं. पाय रोव. हसतुयास काय?” एकालाही शब्द कळला नाही आणि एकही चुकला नाही. “जी माताजी, जी माताजी,” करत सगळी दारांना चिकटली.

पंचांनी हात वर केला. घुंऽऽऽ. ते काचेतून माझ्या तळव्यांत आलं, कोपरांत, दातांत. मी मान वर केली तर आत्यांचे गाल, कान, पदर, सगळं थरथरत होतं आणि त्या हसत होत्या. एरवी हसताना त्या तोंडावर हात घ्यायच्या. आता दोन्ही हातांनी टप दाबून धरला होता, म्हणून ते हसू तसंच उघड्यावर राहिलं. मी त्यांचं सगळं हसू पहिल्यांदाच पाहत होते.

एकशे चाळीस आणि वर थोडं. नवऱ्याने पहिली मिठी त्या जाड्या पोराला मारली. बक्षीस काही नाही मिळालं, फळ्यावर आमच्या पुढे बऱ्याच गाड्या होत्या. आत्यांनी खाली उतरायच्या आधी तेवढीच चौकशी केली, “बक्षीस न्हाय? मग अजून एकदा लावा की.”

उतरायला त्यांना मिळालंच नाही म्हणा ना. निळ्या गाडीची दुसरी पाळी होती. पोरं खुर्ची घेऊन आली, “माताजी, अब हमारी गाड़ी पे.” आत्या चढल्या. पोरांचा आकडा वाढला. मग लाल गाडीवाले आले. मग कोटा-बूंदीकडून आलेले दोघं भाऊ. जेवायच्या वेळेपर्यंत आत्या रजई काखेत मारून एका टपावरून दुसऱ्या टपावर चालल्या होत्या आणि मी त्यांच्या मागून खुर्ची घेऊन. सगळे आमच्या झाडाखाली जेवले. आमची लसणाची चटणी खाऊन पोरं म्हणाली, अगदी घरच्यासारखी आहे. आत्यांनी त्यांच्या डब्यातली खाल्ली आणि माझ्या कानात सांगितलं, “मीठ कमी हाय, पर चांगली हाय.” त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी लग्नापासून ऐकली नव्हती.

परत निघालो. पुढे नवरा आणि आत्या, मागे खोक्यावर मी, गुडघे हनुवटीला लावून. ऊन उतरलं होतं. मला मंगळवार आठवला. दिवसभर इतकी मजा केली म्हणूनच बहुधा तो जास्त टोचला. मी मनातल्या मनात त्यांच्या प्रवासाचा डबा करायला घेतला. इतकी का मी गुंतले या बाईत, असं वाटून मला माझाच राग आला.

आदर्श नगरपाशी आत्यांनी विचारलं, “आरं, त्ये मंगळवारचं तिकीट मागारी घेत्यात का रेलवेवाले?”

नवऱ्याने गाडी एकदम बाजूला घेतली. “का गं आई? बरं वाटत नाही का?”

“मला काय धाड भरलीया? त्या निळ्या गाडीवाल्याची फुडल्या म्हैन्यात अजमेरला जत्रा हाय म्हनं असलीच. टपावर बसाया या म्हनला. मी व्हय म्हनून बसले.”

“तो हिंदीत बोलला असेल की,” मी मागून म्हटलं. “तुम्हाला कळलं?”

“हात जोडून बोलीवतंय लेकरू, त्यात काय न कळाय झालंय?”

नवरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. त्याची हनुवटी हलत होती. मी मागे ओढणी तोंडात कोंबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी खळत नव्हतं. आत्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“रडतीस काय येड्यावानी?” त्या म्हणाल्या. “पाडवा आला तोंडावर. गुढीला कळकाची काठी ह्या गावात कुटं मिळती, ते बगा आधी.”